सावळ्या-काळ्या त्वचेचं निदान चुकू नये म्हणून काय करावं

सोरायसिसचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन साधारण असं असतं: गुलाबी-लाल चट्टा, त्यावर चंदेरी खवले. गोऱ्या त्वचेला ते चपखल बसतं. काळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो आणि खवले राखाडी दिसतात. पाहणाऱ्याची नजर सरावलेली नसेल तर नायटा, इसब नाहीतर ‘ॲलर्जी’ समजून त्यावर महिनोन्‌महिने भलतीच मलमं लावली जातात.

हे काही एखाद्या डॉक्टरच्या वाईट हेतूने होत नाही. नजर तयार होते ती चित्रं पाहून, आणि चित्रंच एकरंगी आहेत. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या चार नावाजलेल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतली चित्रं एका अभ्यासात तपासली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गडद त्वचेची चित्रं जेमतेम ४.५ टक्के निघाली. २०२० साली कोविडच्या त्वचेवरच्या खुणांबद्दलचे शोधनिबंध चाळले गेले, तर १३० छायाचित्रांत सर्वांत गडद दोन वर्णप्रकारांचं एकही नव्हतं, आणि ही साथ तर अमेरिका-ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीयांना जास्त भोवली होती. अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे १३ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत, पण तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांत ते सुमारे ३ टक्केच. ही पुस्तकं जगभर शिकवली जातात, त्यामुळे जिथे बहुतेक रुग्ण सावळे किंवा काळेच आहेत तिथेही शिकताना डोळ्यांसमोर गोरीच त्वचा असते.

व्यवस्था बदलायला वेळ लागेल. तोवर रुग्णाला आणि घरच्यांना बरंच काही हातात घेता येतं. त्याचं एक सूत्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे: तुलना पुस्तकातल्या चित्राशी करायची नाही, स्वतःच्याच निरोगी त्वचेशी करायची.

पायरी १: काही झालेलं नसताना स्वतःची त्वचा पाहून ठेवा

रंगपेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी बनवत असलेल्या रंगद्रव्याच्या कणांत. गडद त्वचेत हे कण मोठे असतात आणि सुटे-सुटे पसरलेले असतात. त्यामुळे काही गोष्टी गडद त्वचेवर मुळातच असतात आणि त्या आजार नसतात: तळहाताच्या रेषा गडद असणं, हिरड्यांवर तपकिरी-काळे पट्टे, दंडावर पुढची आणि मागची त्वचा जिथे मिळते तिथे दोन छटांमधली सरळ रेघ, अनेक नखांवर उभ्या बारीक तपकिरी रेषा.

हे माहीत नसलं की दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. निरोगी खुणेची धास्ती घेतली जाते आणि खरोखर नवीन आलेल्या खुणेला ‘हे तर आधीपासूनच असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून एकदा सावकाश, दिवसाच्या उजेडात तळवे, तळपाय, बोटांच्या बेचक्या, सगळी नखं, डोक्याची टाळू आणि पाठ पाहून घ्या. पाठीसाठी घरातल्या कुणाची तरी मदत लागेल. फोनवर फोटो काढून तारखेसह ठेवा. वर्षातून एकदा पुन्हा पाहिलं तरी पुरे.

पायरी २: लाली शोधत बसू नका, हात लावून पाहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर.

दाह होतो तेव्हा त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गोऱ्या त्वचेतून ते रक्त लाल दिसतं. गडद त्वचेत वर रंगद्रव्याचा थर असल्याने तीच लाली जांभळट, तपकिरी, राखाडी किंवा नुसतीच ‘आजूबाजूपेक्षा जरा जास्त काळी’ दिसते. कधीकधी रंगात काहीच फरक पडत नाही. मग डोळ्यांइतकंच काम बोटांना करावं लागतं.

हाताचा मागचा भाग, म्हणजे बोटांच्या पेरांची बाजू, आधी दुखऱ्या जागेवर आणि मग शरीराच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेवर टेकवा. डाव्या पोटरीला त्रास असेल तर उजवी पोटरी. चार गोष्टी पाहा: ही जागा जास्त गरम लागते का, फुगलेली किंवा ताणलेली वाटते का, दाबल्यावर दुखते का, त्वचेचा पोत बदललाय का. त्वचा चकचकीत आणि ताठ झाली असेल, नेहमीच्या बारीक रेघा पुसल्या गेल्या असतील, तर आत सूज आहे. पायावर जंतुसंसर्ग पसरतो तेव्हा गडद त्वचेवर लाली दिसण्याआधी हीच लक्षणं हाताला लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि टाचांवर दाबामुळे होणाऱ्या जखमांचंही तसंच. ‘दाबूनही न जाणारी लाली’ ही त्यांची पहिली खूण काळ्या त्वचेवर सहज निसटते. तिथे रोज हात लावून उष्णता आणि कडकपणा तपासणं हाच खरा पहारा.

काही ठरावीक आजार गडद त्वचेवर कसे वेगळे दिसतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इसब सपाट लाल चट्ट्यांऐवजी बऱ्याचदा केसांच्या मुळांशी बारीक-बारीक पुटकुळ्यांच्या रूपात येतं. हाताला खडबडीत लागतं, खाजवून-खाजवून कातडी जाड आणि काळपट होते. इसबाची तीव्रता मोजायच्या रूढ मोजपट्ट्यांत लालीला वेगळे गुण असतात. लाली दिसलीच नाही तर गुण कमी, आणि गुण कमी म्हणून औषधही सौम्य. मूल रात्र-रात्र खाजवतं आणि कागदावर आजार ‘सौम्य’ असतो. अशा वेळी झोप किती मोडते, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात का, शाळा बुडते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तीव्रता तिथून कळते.

रोझेशिया म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याचा आजार काळ्या माणसांना होतच नाही, असा एक जुना समज आहे. होतो. तक्रार मात्र लालीची नसते. चेहरा तापतो, चुणचुणतो, कुठलंही क्रीम झोंबतं, आणि मुरमांवरची औषधं देऊन गुण येत नाही.

फिकट चट्टा दिसला की सगळ्यांच्या मनात आधी कोडाची भीती येते. पण फिकट चट्ट्याची कारणं पुष्कळ आहेत. चट्ट्यावर स्पर्श कमी जाणवत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी व्हायला हवी. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारे, औषधाला दाद न देणारे फिकट चट्टे हा क्वचित त्वचेच्या लिम्फोमाचाही (पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाचाही) प्रकार असू शकतो, आणि तो फिकट प्रकार गडद वर्णाच्या लोकांतच जास्त दिसतो.

आता थांबायचं नाही अशा खुणा. नवीन औषध सुरू केल्यावर त्वचा दुखायला लागली, काळपट-जांभळे डाग पसरले, फोड आले किंवा तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या, तर फोटो काढत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. ऑक्सिजन कमी पडतोय का हे काळ्या माणसात गालांवरून कळत नाही. ओठांची आतली बाजू, जीभ, नखांखालचा भाग राखाडी किंवा निळसर दिसतो का ते पाहा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही डोळे मिटून विसंबू नका. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राने ठीक आकडा दाखवूनही रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळलं. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि तोंडाच्या आत टाळ्यावर पाहावी.

पायरी ३: फोटो नीट काढा

पुरळ उठतं आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मावळतं, म्हणून फोटो हवेतच. पण फोनचे कॅमेरे गडद त्वचेला आपल्या मर्जीने उजळवतात. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. फ्लॅशने त्वचा चमकते आणि रंगातला बारीक फरक धुऊन जातो. ब्यूटी फिल्टर बंद आहे ना, ते पाहा. काही फोनमध्ये तो आपसूक चालू असतो. एक फोटो लांबून, शरीराचा कुठला भाग आहे ते कळेल असा. दोन जवळून, त्यातला एक तिरक्या कोनातून, म्हणजे उंचवटा दिसतो. आणि एक दुसऱ्या बाजूच्या निरोगी जागेचा. हा शेवटचा फोटो सहसा कुणी काढत नाही, आणि ऑनलाइन सल्ला घेताना डॉक्टरांना तोच सर्वांत उपयोगी पडतो.

फोटोवरून आजार सांगणाऱ्या ॲपवर भिस्त ठेवू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेचा छायाचित्रसंच तयार करून अशा प्रणाली पारखल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची अचूकता घसरली. शिकवलेल्या चित्रांपलीकडचं त्यांना ओळखता येत नाही.

पायरी ४: डॉक्टरांसमोर

जाताना मेकअप, तेल, नेलपॉलिश नको. टाळूची तक्रार असेल तर वेणी, जोडकेस, विग काढून जा. वापरत असलेली प्रत्येक क्रीम, साबण, तेल, शाम्पू, घरगुती लेप यांची वेष्टणं सोबत न्या. ‘गोरं करणारी’ क्रीम वापरली असेल तर संकोच न करता सांगा. ते लपवल्याने निदान सर्वांत जास्त भरकटतं.

मग बोलणं. बहुतेक जण डॉक्टर जे विचारतील तेवढंच सांगून उठतात. पुढचे प्रश्न तुम्ही विचारलेत तर कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही:

‘डॉक्टर, माझ्या वर्णाच्या त्वचेवर हा आजार असाच दिसतो का?’

‘हे नक्की निदान आहे की सध्याचा अंदाज? दुसरं काय असू शकतं?’

‘या औषधाने किंवा प्रक्रियेने मला काळा किंवा पांढरा डाग पडू शकतो का? पडला तर काय करायचं?’

‘किती आठवड्यांत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय?’

तुमच्या त्वचेला कुठला ‘फिट्झपॅट्रिक प्रकार’ लिहिला आहे, तेही विचारून घ्या. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली ही वर्गवारी केली ती अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, एवढाच तिचा आधार. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार मागाहून जोडले गेले. लेझरवाल्याने तुम्हाला नुसतं पाहून ‘चौथा’ लिहिलं आणि तुम्ही पाचव्यात असाल, तर पोळणार तुम्ही.

डॉक्टरही त्याच वर्णाचे असावेत असा हट्ट धरायची गरज नाही. असे रुग्ण नियमित पाहणारा डॉक्टर हवा. अमेरिकेत डॉ. सुसान टेलर यांनी २००४ साली ‘स्किन ऑफ कलर सोसायटी’ स्थापन केली. तिथे असाल तर डॉक्टर शोधायला तिची मदत होते.

पायरी ५: उपचार घेताना डागाचा हिशेब आधी करा

गडद त्वचेत आजार बरा होतो आणि डाग मागे राहतो. रुग्णाच्या लेखी बहुधा डाग हाच आजार असतो, डॉक्टरच्या लेखी तो किरकोळ असतो, आणि खटका इथे उडतो. दाह शमल्यावर उरलेला काळेपणा वरच्या थरात असेल तर साधारण सहा महिने ते वर्षभरात उतरतो. खोल गेला असेल तर कित्येक वर्षं राहतो. म्हणून मुरूम असो वा इसब, गडद त्वचेत दाह लवकर आणि पुरता थांबवणं हाच डागावरचा पहिला उपाय. ‘आपोआप जाईल’ म्हणून वाट पाहणं इथे महागात पडतं.

पण औषधाने त्वचा झोंबली, सोलली, तरी डाग पडतो. त्यामुळे रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड ही मुरमांवरची औषधं कमी ताकदीची घ्यावीत, आधी एक दिवसाआड, सोबत मॉइश्चरायझर, आणि सोसली तरच वाढवावीत. ॲझेलाइक ॲसिड मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं आणि तुलनेने सौम्य आहे. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोनबद्दल आधीच बोला.

हायड्रोक्विनोन डागांवर चालतं, पण ठरावीक मुदतीपुरतं आणि देखरेखीखाली. वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळा, सहसा न जाणारा रंग बसतो. स्टेरॉइड मिसळलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा मार्ग तर सरळ खड्ड्यात जातो. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, केस उगवतात, मुरूम येतात, आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटतो. म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. ती सोडायची तर डॉक्टरांच्या मदतीने सोडावी. पारा असलेल्या क्रीमने मूत्रपिंड आणि मज्जासंस्था बिघडते. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने प्रति दशलक्ष एका भागाहून जास्त पारा असलेल्या सौंदर्यप्रसाधनांवर २०२०पासून बंदी घातली, तरी ती विकली जातात. घटक छापलेले नसतील तर ती डबी चेहऱ्याला लावायची नाही, एवढं सोपं आहे हे.

लेझरचं गणित समजून घ्या. केस काढण्याच्या लेझरचं लक्ष्य केसातलं रंगद्रव्य असतं. गडद त्वचेत तेच रंगद्रव्य कातडीतही भरपूर असल्याने ऊर्जा वाटेतच शोषली जाते आणि त्वचा भाजते. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर खोल जातं आणि वरच्या रंगद्रव्यात कमी अडकतं, म्हणून गडद त्वचेला ते तुलनेने सुरक्षित. ७५५ नॅनोमीटरचं ॲलेक्झांड्राइट लेझर आणि आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) इथे धोक्याचं. तरंगलांबी विचारा, छोट्या, लपलेल्या जागेवर चाचणी करून घ्या, आणि काही आठवडे थांबून परिणाम पाहा. ‘आमचं मशीन सगळ्या स्किनला चालतं’ एवढंच उत्तर मिळालं तर उठून या.

चामखीळ गोठवून काढतात तेव्हाही विचारा. रंगपेशी थंडीला फार नाजूक असतात, उणे ५ अंशांच्या आसपासच मरू लागतात, तर त्वचेच्या इतर पेशी त्याहून बरीच जास्त थंडी सोसतात. चामखीळ जाते आणि पांढरा, कधीकधी कायमचा ठिपका राहतो. दुसरा उपाय असेल तर चेहऱ्यावर तोच बरा.

तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांना जखमेवर वाढलेलं मांस, म्हणजे केलॉइड, होत असेल तर बायोप्सी (तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढणं), टाके, कान टोचणं, काहीही करण्याआधी सांगा. पण त्या भीतीने गरजेची बायोप्सी मात्र टाळू नका.

सनस्क्रीनबद्दल उगाच दोन टोकांची मतं असतात. गडद त्वचेला स्वतःचं संरक्षण असतं, ते खरं. पण वांग आणि डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात, आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं. डाग ही तक्रार असेल तर ते हवंच.

पायरी ६: तळपाय आणि नखं

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग गडद वर्णाच्या लोकांना क्वचित होतो. झाला तर मात्र उशिरा सापडतो. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण गोऱ्यांमध्ये ९० टक्क्यांच्या वर, तर कृष्णवर्णीयांमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास आहे. तो बहुधा उन्हाच्या जागी न येता तळवे, तळपाय, नखांखाली येतो, जिथे कुणी पाहत नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावर तो १९७७ साली सापडला. आधी फुटबॉलमधली दुखापत वाटली होती. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवीन काळी रेघ आली, ती रुंदावत असेल, किंवा तिचा रंग नखाच्या बुडाशी कातडीवर उतरला असेल, तर वाट पाहू नका. कुरूप (पायातला घट्टा) समजून महिनोन्‌महिने कापून घेतलेली तळपायाची गाठ, न भरणारी जखम, वाढणारा काळा डाग, यांचंही तेच.

पायरी ७: टाळू

घट्ट वेण्या, जोडकेस, रासायनिक सरळीकरण याने कपाळाकडचे केस विरळ होतात. सुरुवातीला थांबवलं तर केस परततात. डोक्याच्या मध्यातून गोल पसरत जाणारी गळती हा वेगळा आजार असू शकतो. त्यात केसांची मुळंच व्रणाने बंद होतात, आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. टाळू दुखते, चुणचुणते, गुळगुळीत वाटते, तर तेल बदलत बसू नका, टाळूची बायोप्सी करायची का ते विचारा. कोंड्यासाठी ‘रोज शाम्पू करा’ असा सल्ला मिळाला आणि तुमचे केस कुरळे, कोरडे असतील, तर ते तुटतील. आठवड्यातून एकदा धुवायची आणि टाळूला लावून ठेवायची औषधं मागून घ्या.

डॉक्टर आणि क्लिनिकसाठी थोडं

नोंदीत ‘लाली नाही’ लिहिण्याआधी स्पर्श, उष्णता, सूज, पोत यांचीही नोंद करा. रुग्णाची परवानगी घेऊन गडद त्वचेवरच्या आजारांचा स्वतःचा छायाचित्रसंग्रह करा. दुसरीकडून तो आयता मिळण्याची वाट पाहू नका. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातला मलोन मुकवेंडे हा वैद्यकीय विद्यार्थी २०२० साली दोन शिक्षकांना सोबत घेऊन, गोऱ्या आणि काळ्या त्वचेवरची लक्षणं शेजारी-शेजारी दाखवणारी पुस्तिका करून मोकळा झाला. मोठमोठ्या विभागांनी ते आधीच करायला हवं होतं. वर्ण नोंदवायला फिट्झपॅट्रिकऐवजी समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मोजपट्टी वापरून पाहा. ती गूगलने २०२२ साली सर्वांसाठी खुली केली.

गुण आला नाही तर

सांगितलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर तेच मलम तिसऱ्यांदा घेण्याऐवजी बायोप्सी किंवा दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागा. आधीच्या चिठ्ठ्या, बायोप्सीचा अहवाल आणि तारखेसह फोटो सोबत ठेवा. बायोप्सीच्या काचपट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा वाचून घेता येतात. त्यासाठी दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून त्या मागता येतात.